कॅनडाच्या पीआरचा अर्ज करताना संज्ञा कशा वाचाव्यात

कॅनडात कुशल कामगार म्हणून कायमस्वरूपी निवासाचा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या पीआरचा, अर्ज करणाऱ्याला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक अडचणीत आणतात. अनुभव, वय, कुटुंब, नोकरीची ऑफर हे शब्द रोजच्या वापरातले असले, तरी नियमावलीत त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र व्याख्या आहे आणि तो सिद्ध करण्यासाठी कोणता कागद लागतो हेही ठरलेले आहे. त्यामुळे माहितीचा रकाना भरण्यापूर्वी त्यातील संज्ञेची व्याख्या आयआरसीसी या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून वाचून घ्यावी. एखाद्या परिचिताने मागच्या वर्षी तोच रकाना कसा भरला, यावर विसंबून राहू नये.

सुरुवात एक्स्प्रेस एन्ट्रीपासून करावी लागते. एक्स्प्रेस एन्ट्री हा व्हिसाचा प्रकार नाही. जानेवारी 2015 पासून सुरू असलेली ती अर्जांची निवड करण्याची व्यवस्था आहे. तिच्याखाली तीन संघीय कार्यक्रम येतात: परदेशातील अनुभवावर आधारलेला फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनडातच काम केलेल्यांसाठीचा कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास आणि कारागिरांसाठीचा फेडरल स्किल्ड ट्रेड्स. अर्जदार यांपैकी किमान एका कार्यक्रमाला पात्र असावा लागतो. तरच त्याची प्रोफाइल उमेदवारांच्या यादीत, म्हणजे पूलमध्ये, जाते. क्वेबेक प्रांत आपल्या कुशल कामगारांची निवड स्वतः करत असल्याने तिथे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा मार्गच नाही.

यानंतर सर्वाधिक गोंधळ होतो तो पॉइंट्सबाबत, कारण पॉइंट्सची कोष्टके दोन आहेत आणि बोलताना दोन्हींचा उल्लेख सर्रास ‘स्कोअर’ असाच होतो. पहिले कोष्टक फक्त फेडरल स्किल्ड वर्करच्या पात्रतेचे असून त्यात 100 पैकी किमान 67 गुण लागतात. दुसरे कोष्टक म्हणजे सीआरएस, अर्थात कॉम्प्रिहेन्सिव्ह रँकिंग सिस्टीम. ते 1200 गुणांचे आहे आणि पूलमधील उमेदवारांची आपापसातील क्रमवारी त्यावरून लागते. 67 गुण मिळाले म्हणजे दार उघडले इतकेच. आत क्रमांक कितवा लागणार हे सीआरएस ठरवते. वयाचे उदाहरण घेतल्यास फरक लगेच लक्षात येतो. पहिल्या कोष्टकात 18 ते 35 या संपूर्ण वयोगटाला पूर्ण 12 गुण मिळतात, तर सीआरएसमध्ये 20 ते 29 या वयोगटानंतर गुण घटू लागतात आणि 45 व्या वर्षी शून्यावर येतात. पस्तिशीतल्या अर्जदाराने ‘वयाचे पूर्ण गुण आहेत’ हे वाक्य ऐकून निश्चिंत होणे त्यामुळे महागात पडू शकते.

एनओसी हे अक्षर-त्रिकूट पाहून ना हरकत प्रमाणपत्र आठवणे स्वाभाविक आहे, परंतु येथे त्याचा अर्थ कॅनडाचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण असा आहे. सध्याच्या 2021 च्या आवृत्तीत प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी कोड असून त्यातील पहिला अंक क्षेत्र दाखवतो आणि दुसरा अंक टीअर, म्हणजे त्या कामाला साधारणपणे किती शिक्षण व प्रशिक्षण लागते, हे सांगतो. 21231 हा कोड सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डिझायनर यांचा आहे: 2 म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान क्षेत्र आणि 1 म्हणजे सामान्यतः विद्यापीठाची पदवी लागणारे काम. शेजारचाच 21232 हा कोड सॉफ्टवेअर डेव्हलपर आणि प्रोग्रामर यांचा आहे. यांपैकी आपला कोड कोणता, हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामावरून ठरवता येत नाही. कोडखाली दिलेले मुख्य वर्णन आणि कर्तव्यांची यादी प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहावी लागते. पदनामात ‘मॅनेजर’ आहे म्हणून काम आपोआप टीअर 0, म्हणजे व्यवस्थापकीय कामांच्या गटात, बसत नाही. स्किल्ड वर्करसाठी टीअर 0, 1, 2 आणि 3 मधील अनुभवच मोजला जातो.

अनुभवाची व्याख्याही तितकीच काटेकोर आहे. काम पगारी असावे, आठवड्याला 30 तास धरून वर्षाचे 1560 तास भरावेत आणि फेडरल स्किल्ड वर्करसाठी गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्षाचा अनुभव सलग असावा. आठवड्याला 60 तास राबून वर्षाचा अनुभव सहा महिन्यांत पूर्ण होत नाही, कारण 30 च्या वरचे तास जमेस धरले जात नाहीत. पुरावा म्हणून मागितले जाणारे रेफरन्स लेटर म्हणजे कंपनी सोडताना मिळणारे दोन ओळींचे प्रमाणपत्र नव्हे. त्यात पद, कामाचा कालावधी, आठवड्याचे तास, पगार व इतर लाभ आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कर्तव्ये असावी लागतात, तेही लेटरहेडवर आणि सहीनिशी. एनओसीमधील वाक्ये जशीच्या तशी उतरवलेले पत्र अधिकाऱ्याच्या नजरेत संशयास्पद ठरू शकते. म्हणून कर्तव्ये आपल्या कामाच्या भाषेत लिहून घ्यावीत.

भाषेच्या बाबतीत लक्षात ठेवायची संज्ञा सीएलबी, म्हणजे कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क. आयएल्ट्स या इंग्रजी परीक्षेतला बँड, म्हणजे तिचा गुणांक, आणि सीएलबीची पातळी एकच नव्हे, आणि चारही कौशल्यांची पातळी स्वतंत्रपणे काढली जाते. एकूण सरासरी बँडला येथे काहीही महत्त्व नाही. सीएलबी 9 साठी ऐकण्यात 8 आणि वाचन, लेखन व बोलणे यांत प्रत्येकी 7 बँड लागतात. समजा, मास्टर्स झालेल्या, परदेशातील तीन वर्षांचा अनुभव असलेल्या अविवाहित अर्जदाराला बाकी तिन्हींत नेमके सीएलबी 9 मिळाले, पण लेखनात 6.5 मिळाल्याने ती एक पातळी सीएलबी 8 राहिली. लेखनाचे सीआरएसमधील थेट गुण 31 ऐवजी 23 होतात, हे सहज दिसते. परंतु शिक्षण आणि भाषा, तसेच परदेशी अनुभव आणि भाषा यांच्या जोडीवर मिळणारे गुणही प्रत्येकी 50 वरून 25 वर येतात, कारण तिथे चारही कौशल्यांत सीएलबी 9 ही अट आहे. अर्ध्या बँडची किंमत अशा प्रकारे 58 गुण होते. हे जोड-गुण ‘स्किल ट्रान्स्फरेबिलिटी’ या रुक्ष शीर्षकाखाली असल्याने अनेकांच्या नजरेतून सुटतात. माझ्या मते परीक्षा पुन्हा द्यावी की नाही, याचा निर्णय हे कोष्टक पाहिल्याशिवाय घेऊच नये. एक खबरदारी अशी की, स्किल्ड वर्करसाठी आयएल्ट्सची जनरल ट्रेनिंग परीक्षा चालते, अॅकॅडमिक चालत नाही, आणि निकाल दोन वर्षांपेक्षा जुना असून भागत नाही.

ईसीए म्हणजे परदेशातील पदवी कॅनडातील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, हे सांगणारा मान्यताप्राप्त संस्थेचा अहवाल. तो पाच वर्षे ग्राह्य असतो.

नामांकनाबाबत, म्हणजे एखाद्या प्रांताने अर्जदाराची पीआरसाठी केलेल्या निवडीबाबत, मात्र सावध राहावे. एखाद्या प्रांताकडून प्रोफाइल पाहून आलेले स्वारस्याचे पत्र हे नामांकन नव्हे. ते प्रांताकडे अर्ज करण्याचे निमंत्रण असते. प्रत्यक्ष नामांकनही दोन प्रकारचे असते. एक्स्प्रेस एन्ट्रीशी जोडलेल्या नामांकनाला सीआरएसमध्ये 600 गुण मिळतात, तर बेस नामांकनाचा अर्ज या व्यवस्थेबाहेर स्वतंत्रपणे चालतो आणि त्याला हे गुण मिळत नाहीत. नोकरीच्या ऑफरविषयीची जुनी माहितीही इंटरनेटवर अजून फिरत आहे. 25 मार्च 2025 पासून ऑफरचे सीआरएसमधील अतिरिक्त गुण बंद झाले आहेत. तरीही 67 गुणांच्या कोष्टकात वैध ऑफरला स्थान आहे, त्यामुळे ती निरुपयोगी ठरलेली नाही.

आयटीए, म्हणजे पूलमधील क्रमवारीत वर असलेल्यांना येणारे अर्जाचे आमंत्रण, मिळाल्यावर संपूर्ण अर्ज दाखल करण्यासाठी 60 दिवस असतात. प्रोफाइल भरताना केलेले दावे तोवर कोणी तपासलेले नसतात. खरी तपासणी येथून सुरू होते आणि आमंत्रण म्हणजे मंजुरी असे समजून नोकरी सोडणाऱ्यांची कीव करावीशी वाटते. अर्ज करताना दावा केलेले गुण कागदपत्रांनी सिद्ध होत नसतील, तर आमंत्रण नाकारून पूलमध्ये परतणे शहाणपणाचे असते. चुकीची किंवा दडवलेली माहिती ‘मिसरिप्रेझेंटेशन’ ठरल्यास पाच वर्षांची बंदी येते, आणि ती माहिती एजंटाने परस्पर भरली होती, हा बचाव सहसा टिकत नाही. म्हणूनच शुल्क घेऊन सल्ला देणारी व्यक्ती वकील किंवा परवानाधारक सल्लागार, म्हणजे आरसीआयसी, आहे का, हे सार्वजनिक नोंदवहीत तपासून घ्यावे.

कुटुंब या संज्ञेत पती, पत्नी किंवा किमान एक वर्ष एकत्र राहिलेला कॉमन-लॉ जोडीदार आणि 22 वर्षांखालील अविवाहित मुले येतात. आईवडील येत नाहीत. ‘नॉन-अकम्पनीइंग’ म्हणजे सोबत न येणारा सदस्य, अर्जातून वगळलेला सदस्य नव्हे. त्याचीही नोंद करावी लागते, अन्यथा पुढे त्याला स्पॉन्सर करण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंद होतो. निर्वाह निधीचा, म्हणजे कॅनडात स्थिरावण्यासाठी जवळ असल्याचे दाखवाव्या लागणाऱ्या पैशांचा, हिशेब करतानाही सोबत न येणारी पत्नी आणि मुले मोजावी लागतात, आणि तो निधी कर्जाऊ असून चालत नाही.

मंजुरीनंतर मिळणारे सीओपीआर हे निवासी दर्जाच्या पुष्टीचे कागदपत्र असून पीआर कार्ड त्यानंतर येते. कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही. दर्जा टिकवण्याची अट वेगळी आहे. कोणत्याही पाच वर्षांच्या कालावधीत किमान 730 दिवस कॅनडात वास्तव्य असावे लागते, आणि हे दिवस सलग असण्याची गरज नाही. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत 1095 दिवसांची प्रत्यक्ष उपस्थिती लागते. दोन्हींसाठी प्रवासाच्या तारखा पुढे पुराव्यानिशी द्याव्या लागत असल्याने जाण्यायेण्याची नोंद पहिल्या प्रवेशाच्या दिवसापासूनच ठेवावी.