फोनचा फोर-के व्हिडिओ अडखळत होता, त्यावरचा उपाय

संगणकावर व्हिडिओची कापाकापी करताना टाइमलाइनवर (तुकडे मांडायच्या पट्टीवर) चित्र अडखळायचं, आवाज मात्र पुढे पळायचा. टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली, प्रोसेसर १०० टक्क्यांवर. फोनचं चित्रण एचईव्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एका पद्धतीत होतं. ते उलगडण्याचं ओझं एकट्या प्रोसेसरवर पडलं की तो दमतो.

८ जीबीची दुसरी पट्टी घातली आणि केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी चालू केली. प्रॉक्सी म्हणजे कापाकापीपुरती हलकी नक्कल. अंतिम व्हिडिओ मूळ फाइलमधूनच बनतो. अडखळणं थांबलं. आवाज तरीही सरकत होता, कारण फोनचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलता असतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल पुन्हा बनवली की आवाजही जुळतो.

नवाच संच घ्यायचा तर इंटेल आय५-१२४०० प्रोसेसर घ्या, १२४००एफ नको. एचईव्हीसी उलगडणारं क्विक सिंक प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये असतं आणि ‘एफ’मध्ये ते ग्राफिक्सच नाही, वाचलेले पैसे वेगळ्या कार्डात जातात. बिलावरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा! रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन. एसएसडी ५०० जीबीच्या खाली नको: ५० एमबीपीएसच्या (सेकंदाला ५० मेगाबिट) व्हिडिओचं एक मिनिट ३७५ एमबी खातं, प्रॉक्सी वेगळ्या.