हंटाव्हायरसचा स्पाइक घरबसल्या कसा बघायचा

स्पाइक म्हणजे व्हायरसच्या पृष्ठभागावरचा प्रोटीनचा काटा. तो बघायला आधी कायमेराएक्स हे प्रोटीनची थ्रीडी मॉडेलं दाखवणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, अभ्यासासाठी फुकट आहे. कमांड लिहायच्या चौकटीत ओपन लिहून पुढे ६झेडजेएम हा मॉडेलचा कोड टाका (अक्षरं अर्थातच इंग्रजीत), म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज व्हायरस या हंटाव्हायरसचा स्पाइक उघडेल. मग कलर बायचेन ही कमांड द्या, म्हणजे प्रत्येक चेन (प्रोटीनची साखळी) वेगळ्या रंगात दिसेल, नाहीतर नुसता गुंता दिसतो.

मॉडेल वरून बघा, चौकोनी दिसेल, कारण एका स्पाइकमध्ये जीएन आणि जीसी या दोन प्रोटीनच्या चार-चार प्रती असतात. दोन्ही एकाच लांब प्रोटीनमधून बनतात, डब्ल्यूएएएसए या पाच अमिनो ॲसिडनंतर पेशीचंच एन्झाइम ते कापतं, व्हायरसला स्वतःची कात्री ठेवायची गरजच नाही, लबाड कुठला!

आता जीएन-जीसीची एकच जोडी ठेवून बाकीच्या चेन लपवा आणि जीसीच्या टोकाशी झूम करा. तिथे फ्युजन लूप, म्हणजे पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये (पातळ आवरणात) घुसणारे भाग, आहेत, आणि त्यांच्यावर जीएनचा एक लूप झाकणासारखा बसलाय. खरी गंमत इथेच आहे, व्हायरस एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या छोट्या पिशवीत) गेला की तिथल्या ॲसिडमुळे हे झाकण सुटतं, जीसीचे लूप पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये घुसतात, तीन-तीन जीसी एकत्र येऊन दुमडतात आणि व्हायरसचं आणि पेशीचं मेम्ब्रेन जोडून टाकतात. हे नंतरचं रूप या फाइलमध्ये नाही, त्यासाठी हांटान या दुसऱ्या हंटाव्हायरसच्या जीसीची पोस्टफ्युजन (मेम्ब्रेन जोडल्यानंतरची) फाइल वेगळी शोधा.