जुना तांब्याचा बंब दुरुस्त करावा की मोडीत घालावा? या चुका टाळा

कोकणात आणि घाटावर अनेक जुन्या घरांच्या मागील पडवीत अंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून उभा असतो. तो गळू लागला की घरात दोन तट पडतात. काहींना तो लगेच मोडीत घालायचा असतो, तर काहींना आजोबांची वस्तू म्हणून हातही लावू द्यायचा नसतो. निर्णय मात्र आठवणींवर किंवा बाहेरच्या काळेपणावर न घेता, जिच्यात जाळ होतो त्या मधल्या नळीची अवस्था पाहून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली चूक म्हणजे चकाकीवरून पारख करणे. बाहेरची काजळी आणि हिरवट डाग चिंच-मिठाने निघतात, त्यांचा बंबाच्या आयुष्याशी फारसा संबंध नसतो. तोटीची गळती, गंजलेली जाळी, निखळलेला पाय हे दोषही किरकोळ असून थोडक्या खर्चात दूर होतात, आणि तरीही पुष्कळ बंब केवळ एवढ्याच कारणांनी मोडीत गेलेले मी पाहिले आहेत. खरी झीज होते ती नळीच्या खालच्या भागात, जाळीच्या लगत, कारण तिथे आच सर्वांत प्रखर असते आणि वेळच्या वेळी न काढलेली राख पावसाळ्यात ओल धरून तिथेच बसते.

म्हणून आधी बंब रिकामा करून नळी ब्रशने घासून घ्यावी. रात्री अंधाऱ्या खोलीत पाणी ओतायच्या तोंडातून आत विजेरी सोडावी आणि नळीत वाकून पाहावे. जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथे छिद्र आहे. त्यानंतर बंब काठोकाठ भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवावा. सकाळी ओल फक्त सांध्याखाली असेल तर दुरुस्ती निश्चित परवडते. नळीला एखाददुसरे छिद्र असेल तर तेवढे ठिगळ लावता येते, किंवा बाहेरचे पिंप तसेच ठेवून नळीच नवी बसवून घेता येते. परंतु नळीवर ठिकठिकाणी ठिपके दिसत असतील, अंगठ्याने दाबल्यावर पत्रा आत जात असेल आणि पिंपाचा बूडही तसाच झाला असेल, तर त्या बंबावर पैसे घालू नयेत.

या तपासणीत एक गोष्ट हमखास फसवते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर जमतो आणि तोच बारीक छिद्रे बुजवून ठेवतो. आमच्या घरचा बंब उशिरा तापतो म्हणून आम्ही क्षार काढले, आणि दुसऱ्याच दिवशी तो तीन ठिकाणी गळू लागला. छिद्रे आधीचीच होती. म्हणून लिटरला सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्याने क्षार काढून, बंब स्वच्छ धुऊन, मगच ही परीक्षा करावी.

दुरुस्तीतील सर्वांत महाग चूक म्हणजे जाळाच्या बाजूला कथलाचा डाख (सांधा जोडण्यासाठी वितळवून लावायचा धातू) किंवा एपॉक्सी लावणे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, पण कथील-शिशाचा नेहमीचा डाख १९० अंशांच्या आसपासच पातळ होतो. नळीभोवती पाणी असेपर्यंत पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून असा सांधा काही दिवस टिकतोही. पण एकदा पाणी कमी असताना जाळ झाला की तो सुटतो. म्हणून नळीचे सांधे पितळाने किंवा चांदीमिश्रित डाखाने झाळून घ्यावेत. हे काम भांड्यांच्या दुकानात न देता प्रत्यक्ष तांबटाकडे न्यावे. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. शिशाचा डाख असण्याची शक्यता असल्याने जुन्या बंबाचे पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास वापरू नये.

काही जण हौसेने टाकीची नळजोडणी थेट बंबाला करून झाकण घट्ट आवळतात. हे कदापि करू नये. बंब दाब सोसण्यासाठी घडवलेला नसतो. वाफेला वाट मिळाली नाही, तर तो फुटून माणसे भाजतात. बंबात विजेची कांडी सोडणेही तितकेच घातक आहे, कारण कांडीतून वीज झिरपली की तोटीला हात लावणाऱ्याला धक्का बसतो.

बदलायचेच ठरले, तर नवा बंब घेताना तेवढ्याच मापाच्या जुन्या बंबाच्या वजनाशी त्याची तुलना करावी. वजन बरेच कमी भरले तर पत्रा पातळ आहे असे समजावे. विजेच्या गीझरची तुलना करताना हिशेब सोपा आहे: २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. करवंट्या आणि झावळ्या परसातच मिळतात तिथे बंब स्वस्त पडतो. जळण विकत घ्यावे लागते तिथे तो फायदा उरत नाही. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये आणि बंबही तिथे पेटवू नये, कारण दोहोंतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्त होऊन आलेला बंब पहिल्या दिवशी पूर्ण भरून, दोन-चार करवंट्यांच्या मंद जाळावर तापवावा, आणि पाणी कोमट झाल्यावर सांध्यांखाली कोरडा हात फिरवून पाहावा.