गुरुत्वाकर्षण, घनता आणि कृष्णविवर : या चुका टाळा

कृष्णविवरांविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच गफलतीतून जन्मतात, ती म्हणजे वस्तुमान, घनता आणि अंतर यांची कामे वेगवेगळी न ओळखणे. न्यूटनच्या नियमात दोन वस्तुमानांच्या गुणाकाराला त्यांच्यातील अंतराच्या वर्गाने भागले जाते. घनता त्या सूत्रात येतच नाही. तरीही ‘कृष्णविवर अतिशय घन असते, म्हणून ते सर्व काही ओढून घेते’ हे विधान सर्रास केले जाते आणि त्याचे दोन्ही भाग तपासून पाहावे लागतात.

समजा, सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले. पृथ्वीवर अंधार पसरेल, ती गोठून जाईल, पण तिची कक्षा बदलणार नाही, कारण वस्तुमान तेच आणि सुमारे १५ कोटी किलोमीटरचे अंतरही तेच. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राशी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि एस-२ हा तारा त्याच्याभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. तो आत ओढला गेलेला नाही. अशा ताऱ्यांच्या कक्षा चिकाटीने मोजल्याबद्दलच राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मग घनतेचे महत्त्व कशात आहे? सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आहे. त्याच्या आत शिरता आले, तर मागे पडलेल्या थरांची ओढ सर्व बाजूंनी एकमेकींना निष्प्रभ करते, फक्त आतल्या गोलाचे वस्तुमान हिशेबात उरते आणि केंद्राशी तर ओढ शून्यच होते. तेच वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबले, तर एवढ्या कमी अंतरावरही ते सगळेच्या सगळे आपल्यासमोर असते, आणि त्या मर्यादेतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. घनतेमुळे वस्तुमानाच्या किती जवळ जाता येईल एवढेच ठरते, आणि माझ्या मते हा सगळा विषय याच मुद्द्यावर उलगडतो.

शनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची सरासरी घनता पाण्याहूनही कमी, पण वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. तरी त्रिज्या नऊ पटींहून मोठी असल्यामुळे त्याच्या ढगांच्या माथ्यावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या जवळपासच राहते.

गणिते सोडवताना अंतर पृष्ठभागापासून मोजण्याची चूकही नेहमी होते. गोलाकार पिंडासाठी ते केंद्रापासूनच मोजावे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असले, तरी पृथ्वीच्या केंद्रापासून ते सुमारे ६,७७० किलोमीटरवर आहे आणि तेथील गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के भरते. अंतराळवीर तरंगतात ते स्थानकासह सतत मुक्तपणे पडत असल्यामुळे.

आता विधानाचा पहिला भाग. प्रत्येक कृष्णविवर अतिशय घन असते, हेही खरे नाही. घटना क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्या सीमेची, त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, तर घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे वस्तुमान दहापट झाले की क्षितिजाच्या आतली सरासरी घनता शंभरपट घटते. एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे आणि या हिशेबाने त्याची सरासरी घनता हवेहूनही कमी येते. अर्थात ही केवळ सरासरी आहे. आतले द्रव्य असे समान पसरलेले आहे, असा तिचा अर्थ लावू नये. आत पडणाऱ्या माणसाचे डोके आणि पाय यांवरील ओढीतला फरकही मोठ्या कृष्णविवराच्या क्षितिजाशी सौम्य असतो, तर ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराजवळ तो क्षितिजाबाहेरच शरीर फाडून टाकण्याइतका तीव्र होतो.

मात्र न्यूटनचे सूत्र अगदी क्षितिजापर्यंत ताणणेही चूकच ठरेल. तेथे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाविषयीचा सामान्य सापेक्षता सिद्धांत वापरावा लागतो, आणि त्यानुसार न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिपटीहून कमी अंतरावर एकही वर्तुळाकार कक्षा स्थिर राहत नाही.