अनोळखी लोकांकडून क्रिप्टोत टिप घ्यायचीये? अ‍ॅड्रेस टाकायच्या आधी एवढं करा

मी सह्याद्रीतल्या वाटांच्या जीपीएक्स फाइल्स (फोनवर वाट दाखवणारे ट्रॅक) फुकट टाकतो, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे, आणि मधूनच बाहेरदेशच्या कुणाचा तरी मेसेज येतो की तुझ्या ट्रॅकवर आम्ही नीट उतरलो, चहापाण्याचे पाठवायचेत पण आमच्याकडे यूपीआय नाही, क्रिप्टोचा (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचा, खाते नंबरासारखा) अ‍ॅड्रेस दे. पुण्यात चित्रं काढणारे, फॉन्ट बनवणारे, गिटार शिकवणारे बरेच ओळखीचे आता हेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहितो.

पहिली गोष्ट, एक्सचेंजच्या (क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या कंपनीच्या) खात्यातला डिपॉझिट अ‍ॅड्रेस पब्लिकमध्ये टाकू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं. तिथे कमीत कमी किती रक्कम जमा होते याची अट असते, त्याच्या खाली आलेली टिप दिसतच नाही, काही कॉइन्सना अ‍ॅड्रेससोबत मेमो किंवा टॅग लागतो आणि तो देणारा हमखास विसरतो. शिवाय पैसे हलवायची चावी (गुप्त कोड) तुमच्या हातात नसते, एक्सचेंजकडे असते. २०२४ च्या जुलैत भारतातल्याच एका मोठ्या एक्सचेंजमधून २० कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली आणि लोकांचे पैसे कित्येक महिने अडकून पडले. टिपसाठी स्वतःचं वॉलेट (चावी स्वतःकडे ठेवणारं क्रिप्टोचं अॅप) काढा, आणि फक्त टिपसाठीच, स्वतःची बचत त्यात एक रुपयाची पण नको. कारण ब्लॉकचेन, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांची सामाईक वही, सगळ्यांना उघडी असते, तुमचा अ‍ॅड्रेस ज्याच्याकडे आहे त्याला तुम्हाला किती आले, कधी आले, पुढे कुठे गेले हे सगळं दिसतं. इलेक्ट्रमसारखं वॉलेट हवे तेवढे नवीन अ‍ॅड्रेस काढून देतं, मी नकाशांच्या पानावर एक, व्हिडिओखाली दुसरा असं ठेवलंय, म्हणजे कुठून आलं ते पण कळतं. अ‍ॅप मात्र मूळ साइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरून अजिबात नाही, खोटी वॉलेट अशीच पसरतात.

वॉलेट उघडलं की १२ किंवा २४ शब्द मिळतात, त्यांतूनच चावी बनते, म्हणजे तेच तुमचे पैसे. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवायचे नाहीत, ड्राइव्हवर तर नाहीच. कागद चालतो, पण २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकता नगरीत घराघरात पाणी शिरलं ते आठवा, कपाटातल्या कागदांचा लगदा होतो. रविवार पेठेत बोहरी आळीत जा, स्टीलची जाड पट्टी आणि अक्षरं ठोकायचे पंच घ्या आणि घरी बसून स्वतःच्या हाताने ठोका. भांड्यावर नाव कोरून देणाऱ्याकडे हे काम द्यायचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी.

आता कुठला कॉइन, इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. बिटकॉइनमध्ये आलेली प्रत्येक टिप वॉलेटमध्ये वेगळीच राहते, गल्ल्यातल्या चिल्लरीसारखी, आणि पुढे पाठवताना प्रत्येक तुकड्यामागे वेगळी फी पडते. बीसी१ ने सुरू होणारा साधा अ‍ॅड्रेस असेल तर एका तुकड्याला साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट (फी मोजायचं माप) लागतात, त्या दिवशी फी बाइटला २० सॅटोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) चालू असेल तर १,३६० सॅटोशी नुसता तो तुकडा उचलायलाच गेले, म्हणजे कुणी प्रेमाने १,००० सॅटोशी पाठवले असतील तर ते तुम्हाला मिळून न मिळाल्यासारखेच. म्हणून चहाएवढ्या टिपसाठी लायटनिंग (छोट्या रकमांसाठी बिटकॉइनवरच चालणारं वेगळं नेटवर्क) ठेवा, फी नगण्य आणि काही सेकंदात येतं, आणि मोठी रक्कम असेल तरच साधा अ‍ॅड्रेस द्या. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन) घेणार असाल तर अ‍ॅड्रेसशेजारी नेटवर्क ठळक लिहा. ट्रॉनवरचं टीआरसी २०, इथेरियमवरचं ईआरसी २०, नाव एकच असलं तरी रस्ते वेगळे आहेत, आणि चुकीच्या रस्त्याने आलेलं परत मिळवणं फार अवघड. अजून एक, ट्रॉनवर नुसते यूएसडीटी आले तर ते पुढे पाठवायला वॉलेटमध्ये थोडे ट्रॉनचे स्वतःचे कॉइन पण लागतात, इथेरियमवर तसंच इथर लागतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीचे ४० डॉलर नुसते बघत बसायचे झाले होते, कुणीतरी थोडे ट्रॉन पाठवले तेव्हा हलले.

टिप मिळायला तुम्हाला अ‍ॅड्रेस सोडून काहीच द्यावं लागत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. "५०० डॉलर पाठवतोय, आधी थोडी फी भर", "या लिंकवर वॉलेट जोड म्हणजे डोनेशन क्लेम होईल", "जास्त गेले, उरलेले परत कर", असं कुणी बोललं की बोलणं तिथेच थांबवा. फी नेहमी पाठवणारा भरतो. वॉलेटमध्ये आपोआप एखादं अनोळखी टोकन पडलं आणि त्याच्या नावातच वेबसाइट असेल तर हात लावू नका. काही लोक तुमच्या अ‍ॅड्रेससारखीच सुरुवात आणि शेवट असलेल्या अ‍ॅड्रेसवरून काहीतरी किरकोळ पाठवतात, हेतू एकच, पुढच्या वेळी तुम्ही हिस्टरीतून घाईत त्याचा कॉपी करावा. मधली अक्षरं पण वाचा.

वही मात्र पहिल्या दिवसापासून. तारीख, किती आलं, त्या दिवशी रुपयात भाव काय, कशासाठी आलं असं वाटतं, ट्रान्झॅक्शनचा आयडी. अनोळखी लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या गिफ्टची किंमत ५०,००० च्या वर गेली की वरचीच नाही तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, आणि यात क्रिप्टो २०२२ पासून स्पष्टपणे आलंय. तुमच्या कामाच्या बदल्यात नियमित येत असेल तर ती गिफ्ट की व्यवसायाचं उत्पन्न हे सीएला वही दाखवून विचारा. मग विकताना नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, एकात तोटा झाला म्हणून दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ टक्का टीडीएस कापला जातो तो रिटर्नमध्ये दाखवायचा असतो.

विकायचं कुठे, तर वित्त मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेल्या एक्सचेंजवर. टेलिग्रामवरच्या माणसाला पीटूपीने (एक्सचेंज सोडून थेट माणसाला विकून) दोन रुपये जास्त मिळतात म्हणून देऊ नका. माझ्या मित्राने दिले, समोरच्याने यूपीआयने भरलेले पैसे दुसऱ्याच कुणाला फसवून आणलेले निघाले, तिकडच्या राज्यात तक्रार झाली आणि इकडे कोथरूडमध्ये याचं पगाराचं खातं गोठलं, घराचा हप्ता चुकला, दोन महिने पळापळ. फसवणूक तुमचीच झाली तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशीचा यात खूप फरक पडतो.

मंडळासाठी, ट्रस्टसाठी किंवा किल्ला संवर्धनाच्या संस्थेसाठी हा रस्ता घेऊ नका. संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात.

क्यूआर लावून झाला की दुसऱ्याच्या फोनवरून स्कॅन करून स्वतःच १०० रुपयांच्या आसपास पाठवून बघा, आलेत का, आणि तिथून परत पाठवता येतात का. माझ्या पानावरचा क्यूआर मी दर महिन्याच्या १ तारखेला भावाच्या फोनवरून स्कॅन करतो आणि वहीतल्या अ‍ॅड्रेसशी अक्षर न् अक्षर जुळवतो, कारण कुणी साइटमध्ये घुसून तेवढा एक फोटो बदलला तर पाठवणाऱ्याला वाटणार पैसे पोचले आणि मला काही कळणारच नाही.