१९८७ मधील एका आठवड्याची नोंदवही कशी तयार करावी

ऐंशीच्या दशकाची आठवण नेमकेपणाने जपायची असेल, तर संपूर्ण दशकाऐवजी एकच आठवडा निवडावा. मी २५ ते ३१ जानेवारी १९८७ हा आठवडा निवडला, कारण त्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला होता.

प्रथम ग्रंथालयात त्या सात दिवसांच्या वृत्तपत्रांची बांधीव फाइल मागावी. बातम्यांपेक्षा दूरदर्शन व आकाशवाणीचे कार्यक्रम, चित्रपटगृहांच्या आणि नाट्यप्रयोगांच्या जाहिराती आधी उतरवून घ्याव्यात, कारण लोकांची संध्याकाळ कशी जात असे, हे तेथेच दिसते.

त्यानंतर वडीलधाऱ्यांशी बोलावे, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘तेव्हा काय आवडायचे’ असे मोघम न विचारता, टीव्ही कोणाच्या घरी होता, दाराशी चपलांचा ढीग किती होई, चित्र हलू लागले की अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जाई, असे विचारावे. मग आठवणी आपोआप उलगडत जातात. आठवण आणि छापील नोंद यांत तफावत आढळल्यास दोन्ही लिहून ठेवावीत, मात्र वेगवेगळ्या शाईने.