गाडीचा चेसिस नंबर: कुठे शोधायचा, कसा वाचायचा

गाडीच्या बाबतीत जवळजवळ सगळं बदलता येतं. पुण्याहून बडोद्याला बदली झालेल्या कुटुंबाची एमएच-१२ गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर तिला जीजे-०६ चा नवा नंबर घ्यावा लागतो. मालक बदलतो, रंग बदलतो, आरटीओची परवानगी काढली तर इंजिनही बदलता येतं. पत्र्यात ठोकलेला चेसिस नंबर मात्र कारखान्यातून निघाल्यापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२ वा नियम त्यासाठीच आहे. आरसी, विमा, एनओसी, बँकेचा बोजा हे सगळं या एका नंबराला बांधलेलं असतं. म्हणून गाडी तपासताना क्रम उलटा ठेवू नका: आधी पत्रा वाचायचा, मग कागद.

व्हीआयएन (व्हेइकल आयडेंटिफिकेशन नंबर) म्हणजेच हा नंबर. आरटीओत, गॅरेजमध्ये आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘चेसिस नंबर’च चालतं, म्हणून इथेही तेच म्हणू.

कुठे सापडतो

एकाच गाडीवर हा नंबर दोन-तीन ठिकाणी असतो. त्यातली एक जागा खरी, बाकीच्या सोयीच्या. खरी जागा म्हणजे जिथे तो थेट पत्र्यात ठोकलाय ती. रिव्हेट मारलेली धातूची पट्टी किंवा दरवाज्याच्या खांबावरचा स्टिकर काढून दुसरा लावता येतो, त्यामुळे त्यांच्यावर विसंबायचं नाही.

जुन्या मारुती ८०० मध्ये बॉनेट उघडा आणि इंजिनाच्या मागे, काचेच्या खालचा आडवा पत्रा बघा. त्याला फायरवॉल म्हणतात. तिथे नंबर समोरच दिसतो, फक्त वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल पुसावं लागतं.

अलीकडच्या बऱ्याच हॅचबॅक आणि सेडानमध्ये तो आत, पुढच्या सीटखाली किंवा सीटच्या पुढच्या फरशीवर असतो. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत पुढच्या सीटखाली झाकण असतं, ते उघडलं की नंबर. सीट पूर्ण मागे सरकवा, रबरी मॅट काढा आणि कार्पेटला पाडलेली चीर हाताने चाचपा. कंपनीनेच ती कापून ठेवलेली असते, त्यामुळे कार्पेट ओरबाडायची गरज नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या शिडीच्या चेसिसवर बांधलेल्या गाड्यांत नंबर लोखंडी चेसिसच्या लांब दांड्यावर असतो, बहुतेक वेळा पुढच्या चाकाच्या आसपास. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे टॉर्च मारा. या गाड्यांना खालून काळं अँटी-रस्ट कोटिंग मारायची पद्धत आहे आणि मारणारा नंबराची जागा झाकायचं विसरतो. मग तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर खाली वाकतो आणि त्याला नुसतं डांबर दिसतं. कोटिंग करायच्या आधी त्या जागेवर मास्किंग टेप लावायला सांगा, एवढंच काम आहे.

काही गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डवरही नंबर बाहेरून दिसतो. परदेशी व्हिडिओंत सगळे तिथेच बोट दाखवतात. आपल्याकडे तो तिथे नसला तर घाबरून जाऊ नका.

तुमच्या मॉडेलची नेमकी जागा ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते. ग्लोव्ह बॉक्समधलं ते पुस्तक सहसा या एका कामासाठीच पहिल्यांदा उघडलं जातं.

इंजिन नंबर वेगळा. तो इंजिनाच्या ब्लॉकवर, बहुधा गिअरबॉक्स जोडलेल्या बाजूला ठोकलेला असतो. तिथे हात पोचणं कठीण, म्हणून मोबाईल आत घालून व्हिडिओ काढा आणि मग थांबवत थांबवत वाचा. इलेक्ट्रिक गाडीत त्याच्या जागी मोटर नंबर येतो.

सीटखाली वाकलाच आहात तर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली (मगरींसकट) आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. अशी गाडी ओळखायला सीटखालची नंबराची जागा फार कामाची आहे, कारण डिटेलिंगवाला सीटचं कापड चकाचक करतो, पण कार्पेटच्या चिरेखालचा फोम सहसा तसाच सोडतो.

चिरेत बोट घाला. बारीक, पिठासारखा कोरडा गाळ हाताला लागला, तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीटच्या रेलचे, म्हणजे सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट बघा: सहा वर्षांच्या गाडीत त्यांच्या डोक्यावर तांबूस गंज चढायचं एरवी काही कारण नाही. मग सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. तळाच्या भागावर मळकट आडवी रेघ असेल तर ती पाण्याची पातळी समजा. विक्रेता ‘एकदम टनाटन छे, काका’ म्हणत असतानाच हे सगळं दोन मिनिटांत होतं. नंबर बघायला वाकलेल्या माणसाला कोणी अडवतही नाही.

वाचताना

सरळ वरून टॉर्च मारली की चकाकी येते आणि अक्षरं बुजतात. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून, तिरपी धरा. प्रत्येक खाचेची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. तेवढ्यानेही जमलं नाही तर पांढरा खडू नंबरावर आडवा घासा आणि वरचा थर बोटाने पुसून टाका. खाचांत खडू राहतो. तेलकट थर असेल तर केरोसीनमध्ये बुडवलेलं फडकं पुरतं. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. घासल्याच्या खुणा उमटल्या की तपासणारा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतो आणि ‘साफ करत होतो’ हे उत्तर कोणालाच पटत नाही.

बऱ्याच कंपन्या नंबराच्या दोन्ही टोकांना चांदणी किंवा आपलं चिन्ह ठोकतात, म्हणजे मागे-पुढे काही जोडता येऊ नये. ते नंबराचा भाग नाही. फॉर्म भरताना ते गाळायचं. मधली अक्षरं आणि आकडे मोजून १७ भरले पाहिजेत. १६ किंवा १८ आले तर तुमचं मोजणं चुकलंय. प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर अशा जुन्या गाड्यांना ही मोजणी लागू नाही, त्यांचे नंबर आखूड असतात.

इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं १७ आकडी नंबरात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून गोल दिसलं की शून्य, उभी रेघ दिसली की एक. आरसीवर यांतलं एखादं अक्षर छापलेलं असेल तर ती टायपिंगची चूक आहे, आणि पत्र्यावर ठोकलेलं असेल तर तिथून निघून जा. बी आणि आठ, एस आणि पाच, झेड आणि दोन, जी आणि सहा यांतही गल्लत होते. फोटो काढून मोठा करा आणि दोघांनी मिळून पडताळा: एकाने पत्रा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने आरसीवर बोट फिरवायचं. एकटा माणूस डोळ्यांना सवय झालेलं वाचतो.

१७ आकड्यांत काय लिहिलंय

कागदावर ३-६-८ असे तुकडे पाडा.

पहिली तीन अक्षरं कंपनीची. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर ‘एम’ने सुरू होतो. एम-ए-३ मारुती सुझुकी, एम-ए-एल ह्युंदाई, एम-ए-टी टाटा, एम-ए-१ महिंद्रा, एम-ए-के होंडा, एम-बी-जे टोयोटा किर्लोस्कर. हालोलच्या कारखान्यातून २०१७ पर्यंत निघालेल्या शेवरोलेंवर एम-ए-६ सापडतं. कंपनीचं मूळ कुठलं याच्याशी या अक्षरांचा संबंध नाही: ह्युंदाई कोरियन असली तरी चेन्नईची गाडी ‘एम’चीच. बाहेरून आयात झालेली असेल तर जर्मनीला डब्ल्यू, जपानला जे, कोरियाला के. ‘इम्पोर्टेड आहे’ असं सांगून विकायला काढलेल्या गाडीचा नंबर एम-एने सुरू झाला, तर पुढचं बोलणं तिथेच संपतं.

मधली सहा अक्षरं मॉडेल, बॉडी, इंजिन वगैरेची. प्रत्येक कंपनीची सांकेतिक लिपी वेगळी, त्यामुळे ती स्वतः उकलत बसण्यात अर्थ नाही. यातलं नववं अक्षर अमेरिकेत पडताळणीचा अंक असतो, गणिताने जुळावा लागतो. भारतात तशी सक्ती नाही. म्हणून परदेशी वेबसाइटवर आपला नंबर टाकला आणि ‘इनव्हॅलिड’ असं लाल अक्षरांत आलं, तर गाडी खोटी ठरत नाही. निष्कारण मोडलेले सौदे यातूनच होतात.

शेवटच्या आठांतलं पहिलं, म्हणजे दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत बनावटीच्या वर्षाचं. शेवटून आठ मोजा, चूक होत नाही. २००१ ते २००९ ला १ ते ९ हे आकडे. मग ए २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७. आय गाळून जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. ओ गाळून पी २०२३. क्यू गाळून आर २०२४, एस २०२५, टी २०२६. जुन्या मारुतींसारख्या काही गाड्यांत या जागी नुसतं शून्य दिसतं, तिथे हा हिशेब लावू नका. महिन्याचं अक्षर असलं तर ते कुठे आणि कोणत्या क्रमाने हे कंपनीगणिक बदलतं. महिना हवा असेल तर आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, तेच घ्या.

नव्या गाडीलाही याचा उपयोग आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी घेताना इनव्हॉइस व्हायच्या आधी चेसिस नंबर मागा. दहावं अक्षर गेल्या वर्षाचं निघालं तर पासिंग यंदाचं होईल, पण विकायला काढाल त्या दिवशी गिऱ्हाईक बनावटीचं वर्षच मोजेल. एक तर तेवढी सूट घ्या, नाहीतर दुसरी गाडी मागा.

छेडछाड कशी दिसते

कारखान्यात नंबर एका ओळीत, एका खोलीचा, सारख्या अंतरावर उमटतो. हाताने हातोडी मारून ठोकलेल्या नंबरात एखादं अक्षर वर सरकलेलं, एखादं जास्त खोल असतं. आकड्यांचं वळण एकमेकांशी जुळत नाही. आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासून पातळ झाला असेल तर बोटाला खड्डा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे नंबराचा चौकोनी तुकडाच दुसऱ्या गाडीतून कापून वेल्ड केलेला. तेव्हा नंबर अस्सल असतो, गाडी नसते. म्हणून नंबराभोवती वीतभर जागेत वेल्डिंगची रेघ, पुट्टी किंवा एवढ्याच भागावर मारलेला नवा रंग आहे का ते बघा. चुंबक पुट्टीवर धरत नाही. फ्रिजवरचं साधं चुंबक खिशात ठेवा.

पत्रा पटला तर मग कागद: आरसी, विमा पॉलिसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. ‘वाहन’ पोर्टलवर बऱ्याच कामांना गाडी नंबराबरोबर चेसिसचे शेवटचे पाच आकडे विचारतात. विक्रेत्याने दिलेले पाच तिथे चालले नाहीत तर गाडी नंबर आणि चेसिस एकमेकांचे नाहीत. चोरीची नोंद आहे का हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन एनओसी सेवेत बघता येतं.

पेन्सिल प्रिंट

गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला एनओसी काढताना त्याच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २८ वर, चेसिसचा पेन्सिल प्रिंट चिकटवायला सांगतात. एजंट या पाच मिनिटांच्या कामाचे वेगळे पैसे लावतो.

लागतं काय: ४बी किंवा ६बी पेन्सिल, पाऊण इंच रुंद पारदर्शक सेलोटेप, कोरडं फडकं. नंबर पुसून पूर्ण कोरडा करा, ओलसर पत्र्यावर शिसं धरत नाही. पेन्सिल आडवी धरून नंबरावरून हलक्या हाताने फिरवा. टोकाने गिरवू नका, शिसं खाचेत उतरलं की सगळं काळंच येतं. त्यावर टेप ताणून लावा, नखाने नाही तर फडक्याने दाबा आणि एका दमात उचला. पांढऱ्या कागदावर चिकटवलं की काळ्या पट्टीवर पांढरा नंबर, सरळच वाचता येईल असा. जागा अडचणीची असेल तर पातळ कागद नंबरावर धरून वरून पेन्सिल घासली तरी चालतं. तीन-चार प्रती एकदमच काढून ठेवा. बडोद्यात दरजीपुऱ्याच्या आरटीओत पोचल्यावर एक फाटली तर पार्किंगमध्ये गुडघे टेकावे लागत नाहीत.

नंबर जुळला नाही तर

आरसीवर एक अक्षर चुकलेलं आढळलं तर गाडी आपल्या नावावर करून घ्यायच्या आधी, जुन्या मालकाकडूनच दुरुस्ती करून घ्या. त्याच्याकडे मूळ इनव्हॉइस आणि कंपनीचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) असण्याची शक्यता जास्त. आरटीओ गाडी समोर बघून दुरुस्त करतं. ‘नंतर बघू’ म्हटलेली चूक अपघाताच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला सापडते.

नंबर गंजून गेला असेल किंवा अपघातात तो पत्राच बदलावा लागला असेल, तर डेंटरकडून परस्पर ठोकून घेऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. आधी आरटीओत लेखी अर्ज, सोबत जुन्या नंबराचे फोटो आणि दुरुस्तीचं बिल, आणि परवानगी हातात आल्यावरच नंबर पुन्हा ठोकणं. कापलेला जुना पत्रा तोवर भंगारवाल्याला देऊ नका.